भिंतीवरचा दुसरा ठिपका

आमची आई बसलेली मला आठवत नाही. आठवते ती पाठमोरी, स्वयंपाकघराच्या दारातून आत जाणारी. पायाला भिंगरी लावल्यासारखी ती दिवसभर फिरायची. आम्ही पानावर बसलो की वाढायची, आमचं झालं की आवरायची, आणि मग ओट्याशी उभ्या उभ्या चार घास गिळायची. अप्पा शाळेत कवायतीचे मास्तर होते. त्यांच्या एका शिट्टीवर सगळं मैदान पुतळ्यासारखं उभं राहायचं. घरात मात्र त्यांनी आईला कधी 'बैस' म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी ती बसली असती असं मला वाटत नाही, पण म्हटलं नाही हेही खरंच.

ती गेली तीसुद्धा चालता चालता. दुपारची वेळ, आम्ही दोघं माजघरात पानावर. अप्पांनी नेहमीसारखं मान वर न करता सांगितलं, "सार आण गे." ती वळली, बोळात शिरली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी कोसळली. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. सकाळच्या कॉफीशिवाय तिच्या पोटात काही नव्हतं. तेव्हापासून अप्पांच्या तोंडात एकच वाक्य बसलं, "उपाशी गेली." भेटायला येणाऱ्यांना तेच सांगायचे. कुणी नसलं तर विठ्ठलाच्या तसबिरीला सांगायचे. आणि त्या दिवसापासून त्यांनी साराला हात लावला नाही. आमच्या कुंभकोणमात सार सोडणं म्हणजे अर्धं जेवण सोडणं. ते वाळत चालले होते आणि मी नुसती बघत होते.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. लग्न केलं नाही, त्यामुळे नातेवाइकांच्या मते माझ्याकडे वेळच वेळ असतो. आई गेल्यावर घर इतकं गप्प झालं, की हातांना काहीतरी काम हवं म्हणून मी ग्रेटिंग, म्हणजे अतिशय बारीक रेघांच्या काचा, बनवायला घेतली. विद्यार्थ्यांच्या प्रयोगाला लागतात, विकतची महाग पडतात, हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं, की त्या कामाला अंधार आणि शांतता लागते, आणि आमच्याकडे तेव्हा दुसरं काही नव्हतंच.

काम सांगायला सोपं आहे. लेझरचा एक किरण घ्यायचा, त्याचे दोन करायचे, आणि आरशांवरून वळवून ते दोन्ही पुन्हा एकाच काचेवर तिरपे आणून सोडायचे. प्रकाशाच्या लाटा असतात. लाटेचा माथा माथ्याला भेटला की उजेड होतो. माथा खळग्याला भेटला की उजेडात उजेड मिळून चक्क अंधार होतो. म्हणून काचेवर पट्ट्या पडतात, उजेडाची, अंधाराची, पुन्हा उजेडाची. त्या इतक्या बारीक असतात की नखाच्या जाडीत शेकडो मावाव्यात. काचेवर मी एक पातळ थर दिलेला असतो, डिंकासारखा, उजेड लागला की आळणारा. उजेडाच्या पट्टीत त्याचे कण एकमेकांना धरून घट्ट होतात, आणि शेजारच्या अंधारातले सुटे कण हळूहळू तिकडे सरकत जातात. मग लेझर बंद केला तरी रेघा राहतात. काच हातात घेतली तर कोरीच वाटते. उजेडासमोर तिरपी धरली की तिच्यातून इंद्रधनुष्य सांडतं.

अट एकच. रेघा पडत असताना काही हलता कामा नये. हलणं म्हणजे आपण समजतो तसं नव्हे. माणूस शेजारी खाकरला, भिंतीपलीकडून कुणी पाय ओढत गेलं, काचेजवळची हवा तापून वर चढली, की उजेडाची पट्टी अंधाराच्या जागी जाते, अंधाराची उजेडाच्या, आणि लिहिलेलं सगळं पुसलं जातं. काच कोरीच राहते. कॉलेजची प्रयोगशाळा बसच्या रस्त्यावर आहे. तिथे हे जमणं म्हणजे चालत्या गाडीत सुईत दोरा ओवणं.

म्हणून मी सामान घरी आणलं. माजघरातून स्वयंपाकघराकडे जो बोळ जातो, त्या बोळाला लागून एक बिनखिडकीची खोली आहे. मी जन्मले ती तिथेच. कोनाड्यात तिरुक्करुगावूरच्या देवळातून आणलेल्या एरंडेलाची बाटली अजून आहे. आईचं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून कुणीतरी आणली होती, आता रिकामी. त्या खोलीत मी स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूबा पसरल्या आणि त्यांवर ग्रॅनाइटची मोठी फरशी ठेवली, म्हणजे जमिनीचे धक्के वर पोचू नयेत. फरशीवर लेझर, आरसे आणि काच. लेझरपुढे काळा पुठ्ठा उभा, त्याला बांधलेला दोरा दाराखालून बाहेर. बाहेर बसून दोरा ओढला की पुठ्ठा उचलला जातो आणि आत लिहिणं सुरू होतं.

लिहायचा लेझर हिरवा. शिवाय एक बारीक लाल लेझर, फक्त पाहायला. लाल उजेडाला हा थर ओळखतच नाही, त्यामुळे तो काही बिघडवत नाही. काच मी अशी ठेवली होती, की लाल किरण तिच्यातून पार होऊन भिंतीतल्या झरोक्यातून बाहेर यावा आणि बोळाच्या समोरच्या भिंतीवर त्याचा ठिपका पडावा. झरोक्याला लाल पारदर्शक कागद लावला, बाहेरचा बाकी उजेड आत जाऊ नये म्हणून. हा पहिला ठिपका कायमच असतो. पण आत काचेवर रेघा धरायला लागल्या, की त्या रेघा लाल किरणातला थोडा भाग बाजूला वळवतात, आणि पहिल्या ठिपक्याशेजारी, जिथे काही नव्हतं तिथे, दुसरा उगवायला लागतो. आधी डोळ्यांना भास वाटतो. मग तो ठरतो, वाढतो. आत काय चाललंय हे दार न उघडता कळतं.

सकाळी दुसरा ठिपका छान उगवायचा. अप्पा माजघरात सूर्यनमस्कार घालायचे, दणादण, तरीही उगवायचा. ट्यूबांनी आपलं काम चोख केलं होतं. संध्याकाळीही उगवायचा. फक्त दुपारी नाही.

सुट्टीच्या दिवशी मी अप्पांचं पान एकदमच वाढून ठेवायची, म्हणजे मध्ये उठायला नको. दोरा ओढायची आणि त्यांच्यासमोर बसायची. माझ्या जागेवरून बोळाची भिंत दिसायची. ठिपका उगवू पाहायचा, थरथरायचा, आणि कुणीतरी ओल्या बोटाने पुसावा तसा जायचा. पुन्हा यायचा, पुन्हा जायचा. अप्पा हात धुवायला उठेपर्यंत हेच.

मी काही घाबरट बाई नाही. मी यादी करून कारणाच्या मागे लागले. पाण्याची मोटर बंद केली. शेजारणीचा इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर बंद करवला, तिची बोलणी खाल्ली. दुपारी कौलं तापतात, भिंत फुगते, म्हणून कौलांवर ओली पोती टाकली. काही फरक नाही. मग अप्पा आत्याकडे इन्नंबूरला गेले. मी एकटीच जेवले. ठिपका दगडावरच्या रेघेसारखा स्थिर उगवला. अप्पा परत आले, पानावर बसले, ठिपका पुन्हा पुसला गेला. म्हटलं, म्हणजे अप्पांच्याच जेवण्याने हलतं. मग एकादशी आली. अप्पांचा कडक उपास. पण ते सवयीने त्याच वेळी, त्याच जागी, भिंतीला टेकून बसले, तुळशीची माळ ओढत. समोर पान नव्हतं. ठिपका उगवला.

त्या दिवशी मला पहिल्यांदा माजघरात बसवेना. माणूस तोच, जागा तीच, वेळ तीच. फक्त पान मांडलेलं असलं की काहीतरी हलत होतं. आणि ते बोळाच्या बाजूला हलत होतं, स्वयंपाकघर आणि माजघर ह्यांच्यामध्ये.

अप्पांनी द्वादशीच्या दुपारी घास हातात धरून विचारलं, "तो लाल थेंब कां पुसतो गे?"

आमच्या मराठीला पुण्याचे लोक हसतात, पोथीतून बोलता म्हणतात. आमचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलं, बाहेर आम्ही तमिळच बोलतो. ही भाषा फक्त ह्या भिंतींच्या आत उरली आहे.

मी म्हटलं, "काहीतरी हालतंय, अप्पा. फार बारीक. शोधत्ये आहें."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग बोळाकडे, मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे. घास परत पानात ठेवला. मग म्हणाले, "अजून वाढत्ये आहे."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि काटा आला म्हणून मला राग आला. मी ताडकन म्हटलं, "अप्पा, चुम्मा कांहींतरी बोलूं नका." चुम्मा म्हणजे उगीच. पण त्या दुपारनंतर ते अर्धं जेवूनच उठायला लागले. बोळाकडे बघत घास घ्यायचे, घाईघाईने, कुणाला तरी लवकर मोकळं करायचं असल्यासारखे.

वर्ष सरलं तसं आत्या इन्नंबूरहून आली. अप्पांची थोरली बहीण, घरातल्या सगळ्या धर्मकृत्यांची मुखत्यार. नवरा असताना गेलेल्या बाईसाठी आमच्याकडे वर्षानंतर पान मांडतात. शेजारच्या तमिळ घरांतही असंच काही असतं. कुणी कुणाकडून घेतलं ह्यावर दोन्हीकडच्या बायका भांडतात. अंधाऱ्या खोलीत पाट ठेवायचा, त्यावर कोरं लुगडं घडी करून. पुढे केळीचं पान, त्यावर सगळा स्वयंपाक. एक दिवा. मग घरातल्या वडील बाईने गेलेलीला बोलवायचं, दार ओढून घ्यायचं, आणि सगळ्यांनी बाहेर न हलता, न बोलता बसायचं. ती येते आणि जेवते. मग टाळी वाजवून दार उघडायचं, एकदम उघडायचं नाही. लुगड्याची घडी जराशी जरी सरकलेली असली, तर ती आली, तृप्त झाली. ते लुगडं मग लेकीला मिळतं.

आणि खोली तीच. घरात दुसरी अंधारी खोली नाही.

"तुझीं भुतें उचल तेथून," आत्या दारातूनच म्हणाली.

फरशी हलवायला चार माणसं लागतात आणि पुन्हा जुळवायला आठवडे, हे मी तिला सांगत होते. ती विचारत होती, त्या काचेवर काय फासलंय. कारण मागे एकदा मी फोटोच्या फिल्मवर जिलेटिन असतं आणि ते हाडांचं करतात असं भाबडेपणाने सांगून बसले होते. तेव्हा तिने मला डोक्यावरून अंघोळ करायला लावली होती. मी शपथेवर सांगितलं की हा थर वेगळा, ह्यात हाड नाही. तेवढ्यात अप्पा मागून म्हणाले, "यंत्र तेथेंच राहूं दे. पान त्याच्या शेजारीं मांड." आत्याने तोंड उघडलं. अप्पांनी मैदानावरचा आवाज काढला, "राहूं दे म्हटलें ना."

मग ती स्वयंपाकघरात गेल्यावर ते माझ्याजवळ आले. आवाज एकदम लहान झाला होता. "घडी सरकली कीं नाहीं, डोळ्यांना काय कळतें? तुझ्या यंत्राला केसाएवढेंही कळतें. दोरा ओढशील?"

ही परीक्षा घ्यायची नसते, अप्पा, असं मला म्हणायचं होतं. विज्ञानाचीही नाही आणि आईचीही नाही. पण त्यांचा गळ्याखालचा खड्डा मला दिसत होता, वर्षभरात खोल गेलेला. मी म्हटलं, "ओढीन. कोणी आलें तर ठिपका उगवणार नाहीं." त्यांनी मान हलवली. काय समजून हलवली, ते मला तेव्हा कळलं नाही.

आदल्या सकाळी मी रंगीत तालीम केली. पाट ठेवला, समई ठेवली, समईचा उजेड काचेवर पडू नये म्हणून मध्ये पितळी तबक उभं केलं. पण ज्योतीवरची तापलेली हवा तबकाला जुमानत नाही. ती वर चढते, थंड हवा खालून येते, काचेसमोर सगळं लहरत राहतं. दुसरा ठिपका आलाच नाही. ज्योत मोठी केली, लहान केली, समई शक्य तितकी लांब सरकवली. नाहीच. आणि मला हायसं वाटलं. सरळ हिशोब होता. उद्याही दिवा जळणार, ठिपका उगवणार नाही. उगवला नाही म्हणजे आत काही हललं. हललं म्हणजे आली. मी खोटं बोलणार नव्हते, फक्त दिव्याबद्दल गप्प बसणार होते. अप्पांच्या पानात सार परत येणार असेल, तर पदार्थविज्ञानाने एक दुपार तोंड मिटून बसायला काय हरकत होती?

दुसऱ्या दिवशी पाच सवाष्णी आल्या, आमच्याच रस्त्यावरच्या. फुलं पट्टीश्वरमहून आली. स्वयंपाक आत्याने केला, आईच्या पद्धतीने, आणि पानावर सार वाढताना तिने पळीभर जास्तच वाढलं, कारण ती आईशी उभ्या जन्मात धड बोलली नव्हती. लुगडं मी निवडलं होतं, कुंकवाच्या रंगाचं, हिरव्या काठाचं. समई लावली. मी काच बसवली, लाल लेझर चालू केला. आत्या पाटासमोर वाकली आणि जणू कुणी दाराबाहेर उभं आहे अशा आवाजात म्हणाली, "ये गे. बैस. निवांत जेव. आज तुला कोणी हाक मारणार नाहीं."

दार ओढून घेतलं. आम्ही सगळे बोळाच्या तोंडाशी, माजघरात बसलो. मी थोडा वेळ जाऊ दिला आणि दोरा ओढला.

आठ माणसं आणि आवाज नाही. मी इतकी शांतता वर्गात कधी मिळवली नाही. शेजारणीचा ग्राइंडर न सांगता बंद होता. बाहेर ऊन रणरणत होतं, आणि आत बोळात पहाटेसारखं सावट. बंद दाराच्या फटीतून साराचा वास येत होता, हिंगाचा, कढीपत्त्याचा. पाचांपैकी एकीने पदर नाकाला लावला. भिंतीवर पहिला ठिपका, एकटा. मी निर्धास्त होते.

मग मला वाटलं की डोळे थकले. पहिल्या ठिपक्याशेजारी भिंत किंचित गुलाबी दिसत होती. मी पापण्या मिटल्या, उघडल्या. गुलाबी तिथेच होती. मला पहिला विचार आला की समई विझली. पण समई विझली तर जळक्या वातीचा वास येतो, आणि वास साराचाच होता. ठिपका गोल झाला. लाल झाला. तो थरथरत नव्हता, पुसला जात नव्हता. इतक्या दुपारी मी त्याला उगवताना आणि मरताना पाहिलं होतं, त्यातलं काही नव्हतं. तो नुसता वाढत होता, सावकाश, ठाम, त्या घरात कुठेच काही हलत नसल्यासारखा. शेजारची सवाष्ण ओठांतल्या ओठांत म्हणाली, "कुंकू." आत्याने तिला डोळ्यांनी दाबलं.

भीती तर होतीच, ती नाकारत नाही. बंद दाराआड दिवा जळतो आहे आणि हवा हलत नाही, हे मला माहीत असलेल्या कुठल्याही नियमात बसत नव्हतं. पण त्याहून मोठी भीती अप्पांची होती. मीच त्यांना सांगितलं होतं, आली तर उगवणार नाही. आणि तो उगवला होता, मी आजवर पाहिला नव्हता इतका तेजस्वी. आता मी त्यांना काय सांगू? की खोली रिकामी आहे? की वर्षभर तुम्ही जिची वाट पाहिलीत, तिने तुमचं पान नाकारलं? मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. दोरा सोडला, पुठ्ठा पडला. ठिपका तसाच राहिला.

आत्याने टाळी वाजवली. दार उघडलं.

समई जळत होती. ज्योत सरळ उभी, चित्रातल्यासारखी. आम्ही उंबऱ्यात आलो, आमच्यामागून वारा आला, तेव्हा ती पहिल्यांदा हलली. आत्या पाटाशी गुडघे टेकून बसली आणि लुगड्याची घडी काठाकाठाने पाहू लागली. खूप वेळ पाहिलं. मग हताश होऊन माझ्याकडे वळली आणि हळूच, अप्पांना ऐकू जाऊ नये अशी, म्हणाली, "हालली नाहीं गे. नाहीं आली."

अप्पांनी ऐकलं. ते अजून बोळातच होते, भिंतीवरच्या दुसऱ्या ठिपक्यासमोर, तळहात त्याच्यावर ठेवून. लाल उजेड त्यांच्या हाताच्या पाठीवर पडला होता. ते रडत होते. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही.

"अप्पा," मी म्हटलं, "यंत्र आहे, कधीं कधीं—"

"बैसली गे," ते म्हणाले. "बघ ना. जराही हालत नाहीं. बैसली ती. जन्मांत पहिल्यांदा बैसून जेवली."

मी काय मोजत होते आणि ते कशाची वाट पाहत होते, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिले आणि मीही रडले, मोठ्याने, सवाष्णींसमोर, लाज सोडून.

ती काच माझ्याकडे आहे. कॉलेजात दाखवायला नेत नाही. मी बनवलेल्यांत तीच सर्वांत चांगली आहे, आणि चांगली का झाली ह्याचं कारण मी अजून शोधते आहे. तबक त्या दिवशी जरा वेगळं टेकवलं गेलं असेल. आठ माणसांच्या श्वासाने बोळाची हवा जड झाली असेल. ती समई, ते तबक, तो पाट घेऊन मी तोच प्रयोग पुन्हा केला आहे. ठिपका आलेला नाही. दुसरीही एक गोष्ट आहे. त्या दिवसानंतर, अप्पांच्या पानाच्या वेळी, दुपारचा ठिपका कधीच पुसला गेला नाही. मी दर सुट्टीला पाहत होते. पोती काढली, मोटर चालू ठेवली, तरी नाही. सहकाऱ्यांना हे सांगितलं तर ते काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, कारण त्यांच्या जागी मीही तेच म्हणाले असते. बोलाफुलाला गाठ. असेल.

पण मला सांगायचं ते त्या दुपारच्या जेवणाचं.

सवाष्णी जेवून, ओटी घेऊन गेल्या. आत्या दमून कलंडली. उरलो आम्ही दोघं. मी माजघरात दोन पानं मांडली, अप्पा बसले. घडी सरकली नव्हती तरी लुगडं मला मिळालं होतं, ते मी खांद्यावर टाकलं होतं. भात वाढला, तूप वाढलं. सवयीने मी साराचं भांडं आणलं नव्हतं. अप्पांनी पानाकडे पाहिलं आणि म्हणाले, "सार?"

मी वळले. बोळाकडे पहिलं पाऊल टाकलं असेल नसेल.

"थांब," ते म्हणाले. मैदानावरचा आवाज नव्हता तो. "तूं बैस."

ते उठले. गुडघ्यांचा कटकट आवाज झाला. एका हाताने भिंत धरत ते बोळातून गेले, उंबऱ्याशी क्षणभर थांबले, आत गेले. डबे खणखणले, कुठलं तरी झाकण पडलं. आयुष्यात त्यांनी कुणाला वाढलं नव्हतं, पळी कुठे असते हेही त्यांना माहीत नव्हतं. ते परत आले तेव्हा भांडं दोन्ही हातांत धरलेलं होतं, आणि बोळभर थेंब सांडत आले होते. वाकून त्यांनी आधी माझ्या पानात वाढलं. सार पानाबाहेर ओघळून माझ्या नव्या लुगड्याला लागलं. मग स्वतःच्या पानात घेतलं, बसले, आणि भात कालवायला लागले.

मी उठले नाही. बसून जेवले.